बारा फोटोंचा रोल

(रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



सचिवांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे : "तुमच्या त्या डब्याबद्दल बोला." गच्चीवर मी मान खाली घालून कॅमेऱ्यात बघत उभा असतो तेव्हा मुलं विचारतात, "काका, डब्यात काय हरवलंय?" मोठ्यांचा प्रश्न वेगळा असतो. खिशात एवढा चांगला मोबाईल असताना हा जुना, जड, महागडा उद्योग कशाला? दोन्ही प्रश्नांना आज एकदमच उत्तर देतो.

या कॅमेऱ्याला मीडियम फॉरमॅट म्हणतात. त्यात १२० चा रोल बसतो. १२० हे माप नव्हे. कोडॅक कंपनीनं १९०१ साली आणलेल्या या रोलचा तो नंबर आहे, आणि तो रोल आजही त्याच नंबरानं मिळतो. फिल्म साधारण सहा सेंटिमीटर रुंद, तिच्या पाठीला कागद, कागदावर आकडे. चौकोनी फोटो काढले तर बारा निघतात. तेरावा नाही.

इथल्या पन्नाशीपुढच्या बहुतेकांनी हा रोल हाताळला असेल. आग्फा क्लिक थ्री आठवतो ना? पाठीमागच्या लाल खिडकीतून आकडा बघत गुंडी फिरवायची, ऊन आहे की ढग एवढं ठरवायचं आणि खटका दाबायचा. रोल बऱ्याचदा ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' असायचा, नाहीतर पूर्व जर्मनीचा 'ऑर्वो'. लग्नात स्टुडिओवाल्याच्या गळ्यात दोन भिंगांचा याशिका किंवा रॉलीकॉर्ड असायचा. माझे मामा दौंडला रेल्वेत होते. बदली झाली की गाव सोडण्याआधी अख्खं कुटुंब स्टुडिओत जाऊन एक फोटो काढून यायचं. त्यांच्याकडे असे पाच फोटो आहेत, पाच बदल्यांचे. प्रत्येक फोटोत मामी तशीच ताठ बसलीय, फक्त मांडीवरचं मूल बदललंय.

आता या फिल्मचा मोठेपणा कशात, ते सांगतो. पुढे घरोघरी आलेल्या लहान कॅमेऱ्याची निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटर. याची ५६ बाय ५६, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटीहून जास्त. बारा इंची चौकोनी प्रिंट काढायची तर लहान निगेटिव्ह बारा-तेरा पट मोठी करावी लागते, ही साडेपाच पटीत भागते. त्यामुळे लुगड्याचा काठ, कपाळावरची आठी, भिंतीचा पोपडा, सगळं शाबूत राहतं. मोबाईलचा फोटो स्वच्छ दिसतो हे मी नाकारत नाही. पण त्यातला बराचसा स्वच्छपणा आतलं गणित करून देतं. इथं जो उजेड चेहऱ्यावरून निघाला, तोच फिल्मवरच्या चांदीच्या कणांवर पडला. मध्ये दुसरं कोणी नाही.

दुसरी गोष्ट बघण्याची. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे सुरुवातीला माणूस चक्रावतो. पण फोटो काढणाऱ्याची मान खाली असते, नमस्कार करावा तशी, आणि समोरच्याला रोखून बघितल्यासारखं वाटत नाही. गेल्या हिवाळ्यात न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाताना केडगावच्या बाजूच्या एका गुऱ्हाळावर थांबलो होतो. मोबाईल काढला की कढईजवळची माणसं हातातलं काम सोडून उभी राहायची. हा डबा बघून एक आजोबा म्हणाले, "असला आमच्या लग्नात होता," आणि वाफेत पुन्हा रस ढवळायला लागले. त्या दिवशी मी चार फोटो काढले. चारही चालले.

तिसरी गोष्ट बारा या आकड्याची. बाराच आहेत म्हटल्यावर माणूस आधी बघतो, मग काढतो. टाकळी हाजीला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघायला आपण सहलीला गेलो होतो. दोनशे फोटो ग्रुपवर आले, ते सगळ्यांनी एकदा बघितले. मी अर्धा दिवस उन्हाची तिरीप खळग्यात उतरायची वाट बघत बसलो होतो आणि तीन फोटो घेऊन आलो. त्यातला एक आज जिन्यात लावलाय. यवतजवळच्या भुलेश्वरला तर गाभाऱ्याबाहेरच्या अंधारात स्टँड लावून पाऊण मिनिट शटर उघडं ठेवावं लागतं. एवढ्या कमी उजेडात फिल्म मंदावते, म्हणून हिशोबापेक्षा जास्तच वेळ द्यायचा. त्या पाऊण मिनिटात बायकोच्या रूपातला गणपती, ती वैनायकी, मी जेवढी बघितली तेवढी आधीच्या दहा खेपांत बघितली नव्हती.

हा कॅमेरा सगळ्याला चालतो असं मात्र नाही. भिगवणला रोहित पक्षी बघायला जाणार असाल तर हा घरीच ठेवा. पळणारी पोरं, रात्रीची वरात, गणपतीची मिरवणूक यांना मोबाईलच बरा. खर्चही आहे. रोल महाग, आणि धुणारे आता शहरातसुद्धा मोजके. म्हणून मी कृष्णधवल रोल घरीच धुतो. रसायनाला साधारण वीस अंश तापमान लागतं आणि मे महिन्यात शिरूरच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे : माठातलं पाणी आणि बाहेरून बर्फ. पारा तरीही उतरला नाही, तर तक्त्याप्रमाणे वेळ कमी करायची.

आता मुद्द्यावर येतो. १९६९ साली चंद्रावर माणूस उतरला तेव्हा फोटो काढायला हॅसलब्लाड नावाचा मीडियम फॉरमॅट कॅमेरा होता. परत येताना वजन वाचवायला तो महागडा कॅमेरा चंद्रावरच सोडून दिला. परत आणली ती फिल्म. आपल्याकडे होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. लाल किल्ल्यावर १६ ऑगस्ट १९४७ ला फडकलेला झेंडा त्यांनी टिपला. त्याही रॉलीफ्लेक्स वापरायच्या. त्यांनी १९७० मध्ये हे काम सोडलं, तरी त्यांचे फोटो आजही नव्यानं छापता येतात, कारण निगेटिव्ह सांभाळल्या गेल्या. कॅमेरा जातो, माणूस जातो, निगेटिव्ह राहते. अर्थात ठेवली तर.

याचा अनुभव याच स्मरणिकेच्या वेळी आला. आपल्या दिवंगत सभासदांच्या पानासाठी समिती घरोघर फोटो मागत होती. पहिले पाच संस्थापक सभासद आज आपल्यात नाहीत. त्यांच्यापैकी तिघांचे मोबाईलवरचे फोटो मिळाले, पण ते फॉरवर्ड होऊन होऊन इतके बारीक झालेले की छापले असते तर चेहरा ओळखू आला नसता. एकांचे सगळे फोटो बंद पडलेल्या फोनमध्ये अडकलेले. तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी माळ्यावरून बिस्किटांचा डबा काढला. त्यात बंद झालेल्या एका स्टुडिओचं पाकीट होतं आणि पाकिटात १९७४ च्या लग्नातल्या निगेटिव्हच्या चार पट्ट्या. तिचीच प्रिंट या स्मरणिकेत आहे. काकांच्या टोपीची शिवणसुद्धा त्यात दिसते. काकू ती प्रिंट हातात धरून बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "हे पाकीट मागच्या दिवाळीला रद्दीत घालणार होते."

म्हणून एक विनंती आहे. दिवाळीची आवराआवर करताना निगेटिव्ह टाकू नका. माळ्यावर, स्लॅबखाली ठेवू नका, तिथं उन्हाळ्यात भट्टी होते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून साध्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात घाला आणि कपाटाच्या खालच्या, कोरड्या कप्प्यात ठेवा. मधल्या भागाला बोट लावू नका, कडेनं धरा. पाकीट उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म खराब व्हायला लागलीय असं समजा. ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि आधी तिची नक्कल करून घ्या. नक्कल म्हणजे मोठा खर्च नाही. टॅबचा पडदा पांढरा करा, त्याच्यापासून थोडी वर निगेटिव्ह धरा आणि मोबाईलनं फोटो घ्या. जमलं नाही तर रविवारी सकाळी माझ्याकडे या, चहाही मिळेल.

आणि एक सूचना. ती समितीपुढे लेखी दिली आहेच. आपल्या सोसायटीत ३६ फ्लॅट आहेत. बाराचे तीन रोल, हिशोब बरोबर बसतो. या वर्षात प्रत्येक घराची एक फ्रेम, आपापल्या दारात उभं राहून. जे भाड्यानं राहतात तेही यात आले, कारण तेही इथलेच. दुसरी संधी नाही, त्यामुळे त्या दिवशी कोणी घाई करायची नाही आणि आजीला आतल्या खोलीत ठेवायचं नाही. रोलचा खर्च माझा. तीन रोलच्या निगेटिव्ह पाकिटात घालून, घरवार नावं लिहून, ऑफिसातल्या कपाटात भागधारकांच्या रजिस्टरशेजारी ठेवाव्यात. रजिस्टरमध्ये आपली नावं आहेत, चेहरे नाहीत.

आज पहिल्या रांगेत बसलेली पोरं सुवर्णमहोत्सवाच्या वेळी समितीत असतील. त्यांना आपल्यापैकी काहींचे फोटो शोधावे लागणार आहेत. ते कुठं मिळतील, एवढं आपण आजच ठरवून ठेवू या. पुढच्या रविवारी सकाळी साडेसात वाजता, ऊन कोवळं असताना, तळमजल्यापासून सुरुवात करतो. तयार राहा.