‘बाळ गार पडलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

इयरफोन लावून ऐकत असाल तर आवाज थोडा कमी करा. आजचा विषय जरा शांतपणे ऐकायचा आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, नोकरी पुण्यात, गाव परळी वैजनाथ तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी आम्ही तीन मित्रांनी शनिवार-रविवार बसून एक ॲप बनवलं. गरोदर बाईची तारीख टाकायची, मग ॲप मेसेज पाठवणार : तपासणी कधी, लोहाच्या गोळ्या कधी, सोनोग्राफी कधी. आम्हाला वाटलं, झालं काम. दिवाळीत गावी गेलो तेव्हा आमच्या आशाताईंना दाखवलं.

ताईंनी फोन हातात घेतला, सगळं नीट बघितलं आणि विचारलं, “भाऊ, हा मेसेज कुणाला जाणार?”

मी म्हटलं, “बाईला.”

“बाईकडं फोन कुठाय? नंबर नवऱ्याचा. आन् नवरा-बायको दोघं आता कारखान्यावर चालले. चैतापर्यंत यायचे नाहीत. हे मधले पाच महिने ती बाई तुमच्या ॲपात कुठं असणार?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाज वाटली ती वेगळ्याच कारणासाठी. कारण मला हे माहीत असायला हवं होतं. माझे आई-वडील वीस वर्षं ऊस तोडायला जात होते.

जे बीडबाहेरचे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. म्हणजे हिशोबात बाई वेगळी नसतेच, ती अर्धा कोयता. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. राहायला फडाजवळ कोप. पहाटे अंधारात तोड सुरू, मग डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरायची. गरोदर असली तरी.

याच कामापायी बायका काय काय सोसतात ते २०१९ साली सगळ्या राज्याला कळलं. बीडमध्ये ऊसतोड बायकांची गर्भाशयाची पिशवी काढल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारनं समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यावर बोलणं झालं, व्हायलाच हवं होतं. पण त्याच कोपीत जन्मणाऱ्या बाळांबद्दल आपण कमी बोललो.

त्या रात्री मी मायला विचारलं, “तू फडावर असताना कुणाचं बाळंतपण झालं होतं का गं?”

माय भाकरी थापत होती. म्हणाली, “माझंच झालं होतं की. तुझ्या आधी.”

मला सत्तावीस वर्षं माहीत नव्हतं की मला एक बहीण होती.

१९९५ चा जानेवारी. कोपीतच बाळंतपण, टोळीतल्याच एका म्हाताऱ्या बाईनं केलं. पोरगी बारीक होती पण रडली. थंडी लई होती. लगेच आंघोळ घातली, कारण तशीच रीत. तिसऱ्या दिवशी ती दूध ओढेना. चौथ्या दिवशी, मायचे शब्द, “हातपाय गार पडले.” पाचव्या दिवशी पाचवी पुजायची होती. सटवाईसमोर कोरा कागद आन् पेन ठेवायचा असतो, ती रात्री येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणतात. पाचवी पुजलीच नाही. सकाळीच पोरगी गेली.

माय म्हणाली, “सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं.” आणि भाकरी उलटली.

मी काही बोललो नाही. पण डोक्यातून जाईना. इंजिनिअर माणूस, काही बंद पडलं की लॉग शोधतो. ‘गार पडली’ म्हणजे नेमकं काय झालं? वाचत गेलो आणि गडचिरोलीला पोहोचलो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था तुम्ही ऐकली असेल. माझ्या बहिणीच्या जन्माच्याच वर्षी, १९९५ मध्ये, गडचिरोलीतल्या ३९ गावांत त्यांनी एक काम सुरू केलं. गावातलीच, थोडं शिकलेली बाई निवडायची, तिला नवजात बाळाची काळजी शिकवायची. तिला नाव दिलं आरोग्यदूत. ती घरोघरी जायची. बाळाचं वजन करायची, ताप बघायची, बाळ ऊबदार पिशवीत ठेवायला शिकवायची, दूध कसं पाजायचं ते दाखवायची. बाळ जन्मल्यावर श्वास घेत नसेल तर मास्कनं हवा द्यायची. आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली, घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर घरीच अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायची. हे ऐकून तेव्हा अनेक डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या असणार. सातवी-आठवी शिकलेली बाई इंजेक्शन देणार?

तिसऱ्या वर्षी, हे काम नसलेल्या शेजारच्या गावांशी तुलना केली तेव्हा, पहिल्या महिन्यातले बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं.

आता मायची वाक्यं परत ऐका. बारीक होती : कमी वजन. लगेच आंघोळ : अंगातली ऊब गेली. दूध ओढेना, हातपाय गार : ही दोन्ही नवजात बाळातली धोक्याची लक्षणं, जंतुसंसर्गाचीसुद्धा असू शकतात. माझ्या बहिणीला नेमकं काय झालं हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण त्याच वर्षी, याच राज्यात, एक बाई दुसऱ्या बाईला हे ओळखायला शिकत होती. सटवाईच्या कागदावर आणखी काही लिहिता येत होतं.

ही पद्धत पुढे देशानं घेतली. २०११ पासून आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटी देतात. दवाखान्यात जन्म झाला असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झाला असेल तर पहिल्या दिवशीपण. वर्षाच्या आत जी बाळं दगावतात, त्यातली निम्म्याहून जास्त पहिल्याच महिन्यात जातात, म्हणून या भेटी एवढ्या जवळजवळ आहेत.

मग अडलं कुठं? आशाताई गावाची आहे, आणि बाई गावात नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर रेकॉर्ड एका सर्व्हरवर आणि युजर दुसरीकडेच.

जाता जाता आफ्रिकेतली एक गोष्ट सांगतो, कारण त्रास सारखाच आहे. नायजेरियात २०२० च्या अंदाजानुसार एक लाख जन्मांमागे हजाराहून जास्त आया दगावत होत्या. महाराष्ट्राचा त्याच सुमाराचा आकडा ३३. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे तिथलं मोठं कारण. रक्त किती गेलं हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, कमीच वाटतं. म्हणून नायजेरिया, केनिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ८० दवाखान्यांत एक साधी वस्तू वापरली : बाईच्या खाली अंथरायचं प्लास्टिक, त्याला पिशवी, पिशवीवर मापाच्या रेषा. रक्त रेषेपर्यंत आलं की वाट बघायची नाही, ठरलेले सगळे उपचार एकदम सुरू. २०२३ मध्ये निकाल आला : गंभीर रक्तस्राव, त्यामुळे करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी.

प्लास्टिकवरची रेष, आरोग्यदूताची पिशवी. दोन्हीकडे वस्तू साधी, पण ती वापरणारी बाई त्या वेळी तिथं हजर. आमच्या ॲपमध्ये नेमकं तेच नव्हतं.

ॲप आम्ही बंद केलं. त्याऐवजी मागच्या हंगामाआधी आशाताईंबरोबर बसून एक छोटं काम केलं. जाणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईच्या माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो काढला. ती कुठल्या कारखान्यावर, कुठल्या गावाजवळ जाणार ते मुकादमाला विचारून लिहिलं. मग तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन. काही ठिकाणी कुणी उचललाच नाही. काही ठिकाणी तिथल्या आशाताईंचा नंबर मिळाला, दोघी ताई एकमेकींशी बोलल्या. आमच्या गल्लीतल्या एका वहिनीचं बाळंतपण त्यामुळे कोपीत न होता तिथल्या सरकारी दवाखान्यात झालं. एकच. मोठा आकडा सांगायला माझ्याकडे नाही.

आता तुमचं काम. घरात चांगला फोन तुमच्याच हातात असतो, म्हणून तुम्हालाच सांगतोय. घरातली, भावकीतली कुणी गरोदर बाई बाहेरगावी जाणार असेल तर तिच्या कार्डाचा फोटो तुमच्याकडे आणि तिच्या नवऱ्याकडे ठेवा. १०८ आणि १०२ हे दोन नंबर तिलाही पाठ करायला लावा, कारण फोन दुसऱ्याचाही असू शकतो. १०२ ची गाडी गरोदर बाईला आणि बाळाला मोफत आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपणही मोफत आहे. आपल्याकडे परळीला असाल तर अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज जवळ आहे, पण फडावर जवळचा दवाखाना कुठला, हे जायच्या आधीच विचारून ठेवायचं.

आणि बाळासाठी एवढं लक्षात ठेवा. जन्मल्यावर लगेच आंघोळ नको. कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर, वरून पांघरूण. पहिल्या तासात आईचं दूध, मध किंवा गुटी नको. दूध ओढेना, अंग गार किंवा फार गरम, खूप सुस्त, झटके, छाती आत ओढली जाते, किंवा शांत असतानाही मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. खाडा पडला तर पडू द्या.

हे रेकॉर्ड करायच्या आधी मी मायला सगळं वाचून दाखवलं. तिनं ऐकलं. मग विचारलं, “म्हणजे छातीशी धरलं असतं तर जगली असती?”

मी म्हटलं, “माय, तुला कुणी सांगितलंच नव्हतं.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मग तू सांग सगळ्यांला.”

म्हणून सांगितलं. हा भाग एका तरी घरात पाठवा, जिथून दसऱ्यानंतर कोयता निघणार आहे. भेटू पुढच्या भागात.