एक आकार, अनेक द्रव्ये

चतुर्थी जवळ आली म्हणजे पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील चित्रशाळांत चिकणमातीचे गणपती रांगेने वाळत ठेवलेले दिसतात. त्या अवस्थेत मुकुट, पीतांबर, सोंड आणि पायाशी बसलेला उंदीर ही सारी एकाच करड्या रंगाची असतात. मग कारागीर कुंचला हाती घेतो. आणि पाहता पाहता एकाच मातीतून सोने, रेशीम व कांती वेगवेगळी होऊन बाहेर येतात. माती मात्र आत मातीच राहते.

संगणकावर घराचे मॉडेल उभारणाऱ्या आरेखकाचे काम याच जातीचे आहे. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत 'स्केचपॅड' सादर केले, तेव्हा पडद्यावर केवळ रेषा होत्या. आज तेथे घन आकृती उभी राहते खरी, परंतु तिला स्वतःचे द्रव्य नसते. पेडण्याच्या भगवती मंदिराच्या प्रवेशद्वारी दोन हत्ती उभे आहेत. त्यांचा आकार अचूक मापांनी संगणकात उतरविला, तरी हत्ती दगडाचा, मेणाचा की पितळेचा, हे कोणी सांगितल्यावाचून संगणकास कळावयाचे नाही.

हे सांगणे वाटते तितके सोपे नव्हे. डिचोलीकडील एखादे जुने घर घ्यावे. त्याच्या भिंती चिऱ्यांच्या, छपरावर मंगळुरी कौले, वासे लाकडाचे, एखाद्या खिडकीस काचेच्या जागी शिंपल्यांच्या चकत्या, आणि देवघरात पितळेची समई. हे सारे मॉडेलमध्ये एकजीव करून टाकले असेल, तर कौलांना तांबडा रंग द्यावयास जावे आणि अवघे घरच कौलांचे व्हावे, असा प्रकार घडतो. म्हणून भाग आधीच निरनिराळे ठेवावे लागतात. त्यातही एकाच भिंतीचे बाहेरील अंग उघड्या चिऱ्याचे आणि आतील अंग चुन्याच्या गिलाव्याचे असू शकते. अशा वेळी सबंध भिंतीस चिरा नेमून आतल्या पृष्ठास तेवढा गिलावा द्यावयाचा. बहुतेक प्रणालींत पृष्ठास दिलेले रूप भागास दिलेल्या रूपावर मात करते. आणि हे विसरलेला नवशिका भिंतीचे द्रव्य दहा वेळा बदलून, ती बदलत का नाही, म्हणून कपाळाला हात लावतो.

पुढचा प्रश्न मापाचा. चिरा सुमारे सव्वा फूट लांब असतो. त्याचे छायाचित्र भिंतीवर तीन फुटांचे ताणून बसविले की घर खेळण्यासारखे दिसते.

पण खरी परीक्षा उजेडाची आहे. बुई तुओंग फोंग यांनी पृष्ठावरील चकाकीचे गणित १९७५ साली प्रसिद्ध केले; जेम्स ब्लिन यांनी १९७८ साली, आकारास हात न लावता, केवळ छायाप्रकाशाने खडबडीतपणा भासविण्याची युक्ती दाखविली. चिऱ्याची सच्छिद्र पाठ चितारावयास ती युक्ती नेमकी उपयोगी पडते. समईची गोष्ट निराळी. धातू आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा मोठा अंश परत फेकतो आणि पितळ त्या परतणाऱ्या प्रकाशासही आपला पिवळेपणा देते. नुसता पिवळा रंग फासला, तर समई हळदीत बुडविल्यासारखी दिसते. शिंपल्याची चकती तर सर्वांत हट्टी. ती पांढरी आहे, पण भिंतीसारखी नाही. पारदर्शक आहे, पण काचेसारखी नाही. ऊन तिच्यात शिरते, विखुरते आणि दुधाळ होऊन खोलीत उतरते. तिला केवळ पांढरी म्हणून सोडून दिले, तर खिडकी बंद पडल्यासारखी दिसते.

येथे एक गफलत वारंवार घडते. 'मटेरियल' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक अर्थ वजनाचा व बळाचा. दुसरा केवळ दिसण्याचा. वाशाचे रूप फणसाचे केले म्हणून वजनाच्या हिशेबातील सागवान बदलत नाही. तो पालट वेगळा करावा लागतो. चित्र सुंदर आणि हिशेब चुकीचा, अशी स्थिती मग ध्यानातही येत नाही.

आणि चित्रावर निर्णय अवलंबून असतात. समजा, घराचा मुलगा आखातात नोकरीस आहे आणि दुरुस्तीचा खर्च तो पाठविणार आहे. त्याच्या फोनवर येते ते चित्र: गुळगुळीत, तुकतुकीत, सिमेंटचा गिलावा केलेले. ते त्याला आवडते. चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, वाऱ्यावर कठीण होतो आणि पाणी शोषतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडते. सिमेंटच्या थराआड ती कोंडते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि चित्रात बहुधा एप्रिलातले निरभ्र आकाश असते.

तेच चित्र गावी राहणाऱ्या बापाला दाखविले, तर तो फोन दूर धरून बराच वेळ पाहील आणि आरेखकाला विचारील, "बाब, ही भिंत कोणाच्या घरची?" समंजस आरेखक अशा वेळी वाद घालीत नाही. तो बाहेरील पृष्ठावरची चकाकी काढतो, चिऱ्याचे माप आणि छिद्रे पुन्हा बसवितो, आतल्या अंगास चुना देतो, आकाश आषाढाचे करतो आणि जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत ओलीचा काळपट पट्टा चढवितो. मग ते दुसरे चित्र पहिल्याच्या शेजारी ठेवून तो दोन्ही आखातात पाठवितो.