विकावयाचे घर सजवावे काय?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की आरोग्य किंवा बालसंगोपन असा भारदस्त विषय निघावयाचा. मी मात्र आज घर विकण्याविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी हा विषय चालू आहे. मुले पुण्याला नाहीतर परदेशी, आणि जुने घर दोघांना झेपत नाही. मग एजंट येतो आणि पहिल्याच दिवशी सांगतो, "काकू, घर जरा दाखवण्याजोगे करा." दाखवण्याजोगे म्हणजे किती, आणि त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, एवढेच मला बोलावयाचे आहे.

अमेरिकेत हा एक स्वतंत्र धंदाच झाला आहे. १९७० नंतरच्या काळात त्याने तिकडे मूळ धरले. रिकाम्या घरात भाड्याचा सोफा, पडदे, चित्रे आणून मांडावयाची आणि घर विकले की उचलून न्यावयाची. पुण्या-मुंबईचे बिल्डर नमुन्याचा फ्लॅट सजवून ठेवतात, तोही याच जातीचा. तेथे कधी कधी पलंगसुद्धा मुद्दाम आखूड मांडलेला असतो, म्हणजे खोली ऐसपैस दिसते! आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. बाजाराला बैल न्यायचा तर तो धुऊन, शिंगे घोळून, रंगवून नेतात. पण वडगावच्या बाजारात घेणारा शिंगांकडे पाहत नाही. तो जबडा उघडून दात पाहतो.

असाच दात पाहण्याचा प्रयोग अमेरिकेतील काही प्राध्यापकांनी केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. एकाच घराची चित्रफीत त्यांनी आठशेंहून अधिक लोकांना निरनिराळ्या रूपांत दाखविली. कोणाला साध्या रंगाच्या भिंती, कोणाला भडक जांभळ्या. कोणाला चांगले फर्निचर, कोणाला जुनाट, तर कोणाला रिकामी खोली. नीट सजविलेले घर लोकांना राहण्याला अधिक बरे वाटले, हे खरे. परंतु "किती पैसे द्याल?" असे विचारल्यावर आकड्यात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे सजावटीने माणूस उंबऱ्याच्या आत येतो, दोन घटका अधिक रेंगाळतो. तोही फायदाच आहे. पण सोफा भाड्याने आणून घराची किंमत चढेल, या आशेवर पैसे घालू नयेत असे माझे मत आहे.

मग पैसे घालावे कशावर? माझ्या वन्संचे शाहूपुरीतले घर २०२३ साली विकावयाचे ठरले, तेव्हा मी त्यांच्या मदतीला होते, म्हणून हे अनुभवाने सांगते. रंगाला ४२ हजार, न्हाणीच्या गळतीसाठी गवंड्याला ९ हजार आणि बंद पडलेली बटणे व दिवे यांना ६ हजार, असे ५७ हजार गेले. यातले गवंड्याचे नऊ हजार मला सर्वांत सार्थकी लागलेले वाटतात. आजकाल घर पाहावयास बायका येतात आणि त्या सोपा पाहत नाहीत, न्हाणी आणि स्वयंपाकघराची मोरी पाहतात. शिवाय फक्त स्त्रियांच्या नावाने होणाऱ्या घरखरेदीला आपल्या राज्यात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत सुरू झाली. तेव्हा सहीदेखील पुष्कळदा बाईचीच असते. ओलीचा वास तिला दारातच कळतो. उदबत्ती लावून तो लपत नाही, उलट संशय वाढतो.

दुसरा लाभ सामान कमी करण्याचा. माळ्यावरची पिंपे, तीन पिढ्यांच्या गाद्या, फडताळातल्या रिकाम्या बरण्या निघाल्या, तेव्हा माजघराला खिडकी आहे हे पाहुण्यांना दिसले. खर्च शून्य.

शून्य, असे माझा भाचा म्हणाला. त्याने हिशेब फार टापटिपीने लिहिला होता. रंग, गवंडी, वायरमन, भंगाराचे उलट आलेले पैसेसुद्धा होते. वन्सं आणि मी सव्वीस दिवस कंबर मोडून आवरत होतो, त्याची ओळ मात्र कोठे नव्हती. पुढे दोन महिने गिऱ्हाईक केव्हा येईल म्हणून ओटा कोरडा, कपडे दोरीवरून काढलेले, फोडणीच्या वासाला धाक, ही तर निराळीच शिक्षा. आपल्याच घरात पाहुण्यासारखे राहावयाचे! भगिनींनो, कोणी घर सजवा म्हणाले की ही ओळ हिशेबात आधी लिहावयास लावा. मी त्या वहीत सव्वीस दिवसांची मजुरी धुणेभांड्याच्या बाईच्या दराने मांडली. भाचा हसला, पण त्याने ती खोडली नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. सोप्याच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पुराच्या पाण्याची रेघ होती. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले, हे येथे बसलेल्यांना मी सांगावयास नको. रंगारी म्हणाला, "पुट्टी मारून दोन हात दिले की काही दिसणार नाही." एजंटाचेही तेच मत. भाचा म्हणाला, "आई, विचारले तर सांगू." वन्सं शांतपणे म्हणाल्या, "मी दोन रात्री माळ्यावर काढल्या आहेत. येणारीला लहान मूल असेल, तर तिला हे आधी कळायला हवे." त्यांनी भिंत रंगवून घेतली, आणि त्याच उंचीवर दोन्ही वर्षांचे आकडे घालून रेघ पुन्हा ओढावयास लावली. रंगारी त्यांच्याकडे पाहतच राहिला.

याचा खर्च लहान नव्हता. दोन गिऱ्हाइके रेघ पाहून परत गेली. तिसऱ्याने ठरलेल्या किमतीतून दोन लाख कमी केले, आणि त्याच भावात घर गेले. भाचा अजूनही ते दोन लाख बोलून दाखवितो. घर मोठे असो की लहान, म्हातारपणच्या ठेवीतून दोन लाख जाणे ही थट्टा नव्हे, हे मीही मानते.

पण कायदाही वन्संच्याच बाजूचा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, विकणाराला ठाऊक असलेला आणि घेणाराला साध्या पाहणीत न कळणारा महत्त्वाचा दोष विकणाराने सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही कायद्याच्या दृष्टीने लबाडी ठरते. उघडी रेघ निदान दिसते तरी. ती पुट्टीने झाकली की दोष न दिसणारा होतो आणि जबाबदारी आपल्या अंगावर येते. वाळवी, गळका मजला, सामाईक भिंतीचा तंटा यांचेही तेच. "विचारले तर सांगू" एवढ्याने सुटका नाही.

त्या घरात आता एक शिक्षक कुटुंब राहते. पाणी कोणत्या बाजूने येते आणि किती तासांत चढते, हे त्या बाईंनी वन्संना बसून विचारून घेतले. विजेचे मीटर आणि बटणे त्यांनी रेघेच्या वर चढविली आहेत.

राहता राहिले कागद. प्रॉपर्टी कार्डावर वारसांची नावे लागलेली असणे, घरफाळ्याची व पाणीपट्टीची बाकी नसणे, बहिणींच्या सह्यांचे आधीच ठरलेले असणे, ही सजावट रंगाआधी करावी. ठरलेले व्यवहार मोडतात ते पुष्कळदा येथेच. वन्संच्या घराचे प्रॉपर्टी कार्ड सासऱ्यांच्या नावावरून उतरवून घ्यावयास रंगकामापेक्षा अधिक दिवस लागले. त्यासाठी कोणते कागद लागतात ते मी लिहून आणले आहे. ज्यांना हवे त्यांनी चहाच्या वेळी उतरवून घ्यावे.