मोड, गल्ला आणि मार्चअखेर



हिशेबाच्या वह्यांविषयी चार शब्द बोलावे अशी संस्थेच्या चालकांनी आज्ञा केली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. वही नीट न ठेवल्याचे फळ चाखलेल्यांपैकीच आम्ही एक आहोत.

आपल्या वाडवडिलांचे वर्ष दिवाळीस संपत असे. लक्ष्मीपूजनास वह्या पुजावयाच्या आणि पाडव्यास नवी कीर्द उघडावयाची, हा परिपाठ. प्राप्तिकराच्या कायद्यासही ते वर्ष पुष्कळ काळ मान्य होते. १९८९ पासून मात्र सर्वांस ३१ मार्च ही एकच अखेर ठरली. पूजा दिवाळीस व्हावी, त्यात वावगे काहीच नाही. पण शिलकी मालाची मोजदाद ३१ मार्चलाच झाली पाहिजे. दिवाळीत मोजलेल्या हंड्यांवरून मार्चचा आकडा अंदाजाने ठोकून देण्याची खोड अद्याप कित्येक दुकानांत आहे.

आता आपल्या भांड्यांच्या धंद्याचे खरे दुखणे, म्हणजे मोड. गिऱ्हाईक चार हजारांचा हंडा घेते, दीड हजारांची जुनी मोड देते आणि अडीच हजार रोख मोजते. आपण काय लिहितो? विक्री अडीच हजार! हंडा आपणांस ३,४०० रुपयांस पडलेला. म्हणजे सहाशेंच्या नफ्याऐवजी वहीत नऊशेंचा तोटा दिसतो. मोड मात्र दुकानाच्या मागे पोत्यात पडून असते आणि तिची खरेदी कोठेच नसते. पुढे ती विकली की दीड हजारांचा निव्वळ नफा आकाशातून पडल्यासारखा येतो. विक्री चार हजार लिहावी, मोडीची खरेदी दीड हजार निराळी लिहावी. जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा करही हंड्याच्या पूर्ण किमतीवर आहे, हातात आलेल्या रोकडीवर नव्हे.

आमच्या दुकानी एका वर्षी अशीच पोती निघाली. ‘ही कोठून आली?’ या साध्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. कर भरला, वर दंडही भरला. चोरी केली नव्हती. लिहिले नव्हते, इतकेच.

मोजदाद करताना पितळ, तांबे व पोलाद यांची वजने वेगळी मांडावी. मालाची किंमत खरेदीची किंवा बाजारात पदरात पडेल ती, यांतील कमी असेल ती धरावी. पोचा पडलेली घागर नव्या घागरीच्या भावाने शिलकेत धरून स्वतःच कर वाढवून घेणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत.

एका माणसास एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिली, तर साधारणपणे ती सारीच रक्कम खर्चात धरली जात नाही. लहान कारखानदाराची नोंदणी असेल, तर त्याचे देणे करार असल्यास फार तर ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत फेडावे. मुदत टळून मार्चअखेर राहिलेले देणे ज्या वर्षी फेडाल त्याच वर्षीचा खर्च ठरते. विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी उत्पन्न दाखविणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांनी आपल्या सल्लागारास विचारावे.

शेवटी गल्ल्याविषयी. आम्ही दोघे भाऊ एकाच दुकानी बसत होतो. मुलांची फी, दवाखाना, भगिनीच्या लग्नातील वरखर्च, सारे गल्ल्यातून जाई. धाकटे बंधू ते दुकानखर्चात लिहीत. आम्ही तर लिहीतच नसू. वाटणीची वेळ आली तेव्हा कोणी किती उचलले हे कोणासच सांगता येईना. प्रश्न पाच-पन्नास हजारांचा होता, पण दोन वर्षे एकमेकांच्या घरी पाणी प्यालो नाही. घरखर्चाची उचल ज्याची त्याच्या नावे, त्याच दिवशी लिहावी. आमच्या दुकानी आता गल्ल्याशेजारी दोरीने बांधलेली एक लहान वही असते. ती वही बंधूंनीच आणून बांधली.