शेवटचा गडी कुठे आहे?

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मसाला दुधाचे कप हातात आहेत तोवर बोलून घेतो, कारण यानंतर गाणी आहेत आणि गाण्यांच्या आड येणाऱ्या वक्त्याला आपल्या मंडळात क्षमा नाही. कार्यकारिणीचं म्हणणं असं की, "तुम्ही लोक टाहोला सायकली घेऊन जाता ना, त्याबद्दल दहा मिनिटं बोला. पुढच्या वर्षी मंडळातर्फेच ट्रिप काढू." मी पडलो आयटी कन्सल्टंट. दहा मिनिटांचं काम दहा मिनिटांत संपवायची आम्हाला सवय नाही, पण प्रयत्न करतो.

आधी जागेबद्दल. लेक टाहोच्या नेवाडाकडच्या काठावर 'फ्लूम ट्रेल' नावाची वाट आहे. माउंटन बाइकवाल्यांमध्ये ती फार प्रसिद्ध आहे. स्पूनर लेकपाशी गाडी लावायची, नॉर्थ कॅनियनच्या कच्च्या रस्त्याने साधारण पाच मैल चढत जायचं, खिंड ओलांडून मार्लेट लेकला उतरायचं. तिथे धरणापासून मूळ फ्लूम ट्रेल सुरू होते. ती साडेचार मैलांच्या आसपास आहे. मग टनेल क्रीकच्या वाळूच्या रस्त्याने इन्क्लाइन व्हिलेजपर्यंत खाली. एकूण चौदा मैल. सप्टेंबरअखेर वाटेतली अॅस्पेनची झाडं पिवळीधमक झालेली असतात आणि दीड हजार फूट खाली टाहोचं निळं पाणी पसरलेलं असतं. फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेच आहेत, कारण आम्ही ते दाखवल्याशिवाय कुणाला सोडत नाही.

'फ्लूम' म्हणजे पाणी वाहून नेणारा लाकडी पाट. १८५९ मध्ये कॉमस्टॉक लोडची चांदी सापडली आणि डोंगरापलीकडे व्हर्जिनिया सिटी हे खाणीचं गाव उभं राहिलं. त्या गावाला पाणी आणि लाकूड दोन्ही हवं होतं. १८७० च्या दशकात या डोंगरातून पाट काढले गेले. पाट गेले, त्यांचा काठ राहिला. आपण सायकल चालवतो तो त्या काठावरून. पाण्याला वाहायला अगदी थोडा उतार पुरतो, म्हणून ही वाट जवळजवळ सपाट आहे. पण ती कड्याच्या कुशीत खोदलेली आहे. काही ठिकाणी जेमतेम दोन-तीन फूट रुंद, आणि डाव्या हाताला काही नाही. म्हणजे खाली टाहो आहे, पण मध्ये काही नाही.

हे मुद्दाम सांगतोय. कारण आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा "सपाट आहे" एवढंच ऐकलं होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही अकरा जण. कुणी दर शनिवारी डोंगर चढणारे, कुणी मुलांबरोबर पार्कात फिरणारे. माझा हॉस्टेलमधला रूममेट त्यात होता. त्याने सायकल घेऊन तीन आठवडे झाले होते. मीच आग्रह केला होता, "चल रे, काही नाही त्यात." सकाळी आठला निघायचं ठरलं होतं. पोहे झाले, चहा झाला, पुन्हा चहा झाला आणि निघालो साडेदहाला.

चढावर लगेच पांगापांग झाली. आम्ही पाच-सहा जण पुढे. खिंडीत थांबलो, गप्पा मारल्या, चिक्की खाल्ली. वीस-पंचवीस मिनिटांनी तो धापा टाकत आला. तो आला म्हणजे सगळे आले, म्हणून आम्ही लगेच निघालो! आम्हाला विश्रांती मिळाली होती, त्याला नाही. मार्लेट लेकपाशी फाटा आहे. आम्ही बरोबर बाजूला वळलो. त्याची चेन पडली होती म्हणून तो मागे राहिला होता, तो चुकीच्या बाजूला वळला. थोडं पुढे जाऊन टायर पंक्चर. ट्यूब त्याच्याकडे होती. पंप माझ्या पाठपिशवीत होता, आणि मी दोन मैल पुढे कड्यावर फोटो काढत होतो.

चारच्या सुमाराला आम्ही खाली टनेल क्रीकला पोचलो. वहिनी मुलांना घेऊन तिथे थांबल्या होत्या. त्यांनी डोकी मोजली. दहा. मला म्हणाल्या, "भावजी, ह्यांना शेवटचं कुणी पाहिलं?"

मित्रहो, दहा माणसं होती आणि एकालाही उत्तर देता आलं नाही. मला वाटलं तो तुझ्याबरोबर आहे, तुला वाटलं तो माझ्याबरोबर आहे. फोनला रेंज नाही. उलट्या दिशेने वर चढायचं तर वाळूत दीड हजार फूट. शेवटी ९११ ला फोन केला आणि आम्ही तिघे गाडीने स्पूनरला परत जाऊन फोनचे टॉर्च लावून चालत वर निघालो. पावणेआठला, पूर्ण अंधारात, तो समोरून सायकल ढकलत येताना दिसला. वाट चुकल्याचं लक्षात आल्यावर त्याने पुढे न जाता आल्या रस्त्याने परत फिरायचं ठरवलं होतं. आमच्या सगळ्यांत तोच शहाणा निघाला. थंडीने कुडकुडत होता. मला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. तो एवढंच म्हणाला, "अरे, मला वाटलं तुम्ही थांबाल."

शिव्या परवडल्या असत्या.

ऑफिसात काही कोसळलं की आम्ही चूक कुणाची हे न विचारता, ती चूक होऊ शकली कशी हे विचारतो. घरी येऊन आम्ही तेच केलं. त्यातून जे निघालं ते आता सांगतो. पुढच्या वर्षी ट्रिप काढणार असाल तर हा भाग तेवढा नीट ऐका.

पहिली गोष्ट. 'बिगिनर, इंटरमिजिएट, एक्स्पर्ट' असा प्रश्न विचारू नका. पुरुष एक पायरी वरची लिहितात, बायका एक पायरी खालची. त्यापेक्षा विचारा, गेल्या तीन महिन्यांत सलग किती तास सायकल चालवलीत? मातीवर चालवलीत का? एकदम हजार फूट चढलात का? शिवाय कौशल्य ही एक गोष्ट नाही, तीन आहेत: दम, हात आणि धीर. चढायला दम लागतो, वाळूत आणि दगडांवर सायकल सांभाळायला हात लागतो, कड्यावर धीर लागतो. एकात पहिला आलेला दुसऱ्यात शेवटचा असू शकतो. फ्लूम ट्रेलवर हे तीन पेपर एकामागोमाग एक येतात. ट्रेलच्या पाट्यांवरचं हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा हे स्कीइंगवरून घेतलेलं वर्गीकरण वाट किती अवघड ते सांगतं. ती तुमच्यातल्या कुणाला अवघड जाईल, ते सांगत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. कळसूबाई ५४०० फूट. स्पूनरला आपण जिथे गाडी लावतो ती जागाच ७००० फुटांवर आहे, आणि खिंड ८००० च्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश असतो. बे एरियातून पहाटे निघून थेट चढायला लागू नका. आदल्या रात्री टाहोला मुक्काम करा, भरपूर पाणी प्या. आणि डोकं दुखून मळमळायला लागलं तर लाजू नका, सांगा. त्यावर खाली उतरणं हाच उपाय.

तिसरी गोष्ट वेळेची. सगळं वेळापत्रक सगळ्यात हळू माणसाच्या वेगावर मांडायचं. आमच्या धंद्यात याला क्रिटिकल पाथ म्हणतात. तो ताशी तीन मैल चढत असेल तर पाच मैलांना पावणेदोन तास, वर विश्रांती, वर एखादं पंक्चर. सप्टेंबरअखेर सातच्या आत सूर्य मावळतो. म्हणून आमचा नियम असा की एक वाजेपर्यंत सगळे मार्लेट लेकला पोचले नाहीत, तर त्या दिवशी फ्लूम ट्रेल नाही. डबे खायचे आणि आल्या वाटेने परत. ही वेळ आदल्या रात्री, सगळे जेवायला बसले असताना ठरवायची. डोंगरावर ठरवायला गेलात तर ज्याला पुढे जायचं असतं त्याचाच आवाज मोठा असतो.

चौथी गोष्ट, आणि तीच मुख्य. सर्वांत पुढे एक जाणता माणूस, त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. सर्वांत मागे एक जाणता माणूस, त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना हे नवीन नाही. इथे येऊन आम्ही विसरलो होतो. पंप, ट्यूब, चेनची जोडकडी, प्रथमोपचाराची पेटी आणि जादा जॅकेट हे सगळं मागच्या माणसाकडे. दुरुस्तीची गरज मागे पडते, पुढे नाही. सायकलींची चाकं २६, साडेसत्तावीस, २९ इंची अशी वेगवेगळी असतात, तेव्हा ट्यूब ज्याची त्याने आपल्या मापाची आणायची. प्रत्येक फाट्यावर एकाने थांबायचं आणि मागचा गडी येईपर्यंत हलायचं नाही. आणि शेवटचा आल्यावर घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचं. त्याचा श्वास खाली बसला की मग निघायचं. २०२२ पासून काही फोनमध्ये उपग्रहावरून मदत मागायची सोय आली आहे. ज्याच्याकडे ती असेल त्याला मागे ठेवा. पण फाट्यावर उभा असलेला माणूस त्याहून भरवशाचा.

वारीत माउलींचा रथ दिवे घाटात येतो तेव्हा कुणी बैलांना "लवकर चला" असं सांगत नाही. जादा बैलजोड्या लावतात. चढावर मागच्याला "कम ऑन, कम ऑन" ओरडण्यापेक्षा त्याच्या पाठीवरचं ओझं घ्या.

उताराचं वेगळं. १९७६ च्या ऑक्टोबरात आपल्या इथे मरिन काउंटीत फेअरफॅक्सजवळ रिपॅकची पहिली शर्यत झाली. माउंटन बाइकिंगची सुरुवात लोक तिथूनच सांगतात. दोन मैलांत तेराशे फूट उतार, आणि ब्रेक इतके तापायचे की चाकाच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून नाव रिपॅक. ती धाडसी पोरंसुद्धा घोळक्याने उतरत नव्हती, ठराविक अंतराने एकेकाला सोडत. तुम्हीही अंतर ठेवा. चालणाऱ्यांना आणि घोड्यांना वाट द्या, चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यावी.

पाचवी गोष्ट. एकच शेवट ठेवू नका. आता आम्ही दोन ठेवतो. ज्यांना कडा नको, ते मार्लेट लेकपर्यंत येऊन परत जातात. तेही दहा मैल होतात आणि रस्ता रुंद आहे. जेवण मात्र सगळ्यांचं एकत्र, तळ्याकाठी. दशम्या, तिळाची चटणी, गूळ. परतणाऱ्याला 'आपण हरलो' असं वाटू नये, ही व्यवस्था करणाऱ्याची जबाबदारी आहे. नाहीतर माणूस नुसत्या लाजेपोटी कड्यावर जातो, आणि अपघात तिथेच होतात.

पुढच्या वर्षी रूममेटला विचारायला मला जीभ रेटेना. त्याचाच फोन आला. म्हणाला, "येतो, पण एका अटीवर. मी सगळ्यात शेवटी राहणार. शेवटी काय वाटतं ते तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही." त्या वर्षभरात त्याने पंक्चर काढण्यापासून चेन जोडण्यापर्यंत सगळं शिकून घेतलं होतं.

त्या वेळी आम्ही चौदा जण होतो. पाच जण तळ्यावरून परतले, नऊ पुढे गेलो. आमच्यात एक दादा आहेत, मॅरेथॉन धावणारे, चढावर सगळ्यांच्या पुढे. कड्यावर अर्धा मैल गेल्यावर ते थांबले. हात हँडलला घट्ट, चेहरा पांढरा. धिराचा पेपर! मागून माझा मित्र आला. "काही नाही" म्हणाला नाही, "खाली बघू नका" म्हणाला नाही. सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "दादा, मलाही पाय मोकळे करायचेत. चालू या." दोघं सायकली ढकलत मैलभर चालले. आम्ही पुढच्या रुंद जागी थांबलो. त्यात पन्नास मिनिटं गेली. वेळापत्रकात तासभर राखून ठेवला होता.

खाली टनेल क्रीकला वहिनी होत्याच. मी उतरलो तसं त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि सातवर थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, बोलल्या काही नाहीत. मी म्हटलं, "वहिनी, दादा आणि तो शेवटच्या वळणाच्या मागे आहेत. तीन मिनिटांपूर्वी दिसले होते."

चार मिनिटांनी आले.

पुढच्या वर्षीच्या ट्रिपसाठी नावनोंदणीचा कागद दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवला आहे. नाव लिहा, सलग किती तास चालवता ते खरं लिहा, आणि कड्याची भीती वाटत असेल तर तेही लिहा. माझ्या नावापुढे मीही ते लिहिलं आहे. पंप मात्र या वेळी माझ्याकडे नसेल.