चकाची लांब चावी

लाकूड कातायच्या लेथवर लाकूड धरून ठेवतो तो चक. त्याचे जबडे चावीने आवळायचे. पण चावीचा दांडा असतो आखूड. परातीएवढे रुंद लाकूड लावले, की चावी फिरवताना बोटे त्यावर घासतात. आमची दोनदा सोलली.

मग लांब चावी करावी. आधी चकाचे भोक बघा. सहा कोनांचे असेल तर सोपे काम. त्याच मापाची, लांब दांड्याची अॅलन चावी दुकानात मिळते. भोक चौकोनी असेल तर जुनी चावी दांड्यात कापा, मध्ये वीतभर गज घालून वेल्डिंग करून घ्या. गज सरळ बसवा, नाहीतर चावी डोलते. टोक जुनेच राहू द्या. ते कडक पोलादाचे असते. साध्या लोखंडाचे कोपरे झिजतात, अन् चावी नुसती गरगर फिरते.

आम्ही एक चूक केली. दांड्याबरोबर आडवी मूठही लांब केली. जोर दुप्पट झाला आणि चकाच्या आतले दाते तुटले! मूठ होती तेवढीच ठेवा.

आणि चावी चकात विसरलात, लेथ चालू केला, तर ती उडून तोंडावर येते. लांब चावी जडही असते. तेव्हा आवळली की काढा, खुंटीला अडकवा, मग बटण दाबा.