दवंडी : सांगण्याची सक्ती आणि ऐकण्याचा हक्क

(नांदेड जिल्ह्यातील एका विहारात वर्षावासाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही तरुण हसले, ते मी पाहिले. दवंडी हा काय विहारात बोलण्याचा विषय आहे, असे त्यांना वाटले असावे. परंतु येथे बसलेल्या कितीतरी घरांतील पणजोबांचा आवाज या दवंडीत खर्ची पडला आहे.

नांदेड-लातूरकडच्या पुष्कळ गावांत हलगी मातंग बांधवाच्या हाती असे आणि ‘ऐका हो ऐका’ ही आरोळी आपल्या माणसाच्या तोंडी. सारा भरण्याची मुदत, जप्तीचा लिलाव, पाटलाचा हुकूम, सारे त्यानेच गल्लोगल्ली ओरडून सांगावयाचे. येसकरपाळी घराघरांतून फिरे. ज्याची पाळी, त्याचा दिवस गावाचा. मध्यरात्री कोणी वारले तर मयताची वर्दी घेऊन परगावच्या सोयऱ्यांकडे अनवाणी धावावे लागे, आणि मोबदला म्हणून पदरात शिळी भाकर पडे. यातील सर्वांत मोठी विटंबना माझ्या मते भाकरीची नव्हे. ज्या बैठकीला त्याने साऱ्या गावाला बोलाविले, त्या बैठकीत त्याला बसता येत नव्हते. तो चावडीच्या पायऱ्यांखाली उभा राही. शब्द दुसऱ्याचा, घसा मात्र त्याचा!

इंग्लंडातील नगरांतही घंटा वाजवून राजाज्ञा सांगणारा इसम असे. पण तो नगराचा नेमलेला अधिकारी होता. आपल्याकडे मात्र हे काम जन्माने कपाळी लिहिले गेले.

हे वतन म्हणजे मान नसून बेडी आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले. 19 मार्च 1928 रोजी त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. तो कायदा मुंबई इलाख्याचा. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. कायदा निराळा असला तरी चावडीवरची रीत तीच होती. पुढे फेब्रुवारी 1941 मध्ये, आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली, तिला बाबासाहेब स्वतः आले होते. आरोळी देणारे आणि हलगी वाजविणारे त्या मंडपात एकत्र बसले, ही गोष्ट आपण पुरेशी आठवीत नाही, अशी माझी तक्रार आहे.

1956 च्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांतील आपल्या माणसांनी येसकराची काठी खाली ठेवली. त्याची किंमत मोजावी लागली. मजुरी बंद झाली, दुकानदाराने मीठ देईनासे केले. माझी आजी सांगे की त्या उन्हाळ्यात घरात चूल एकवेळच पेटे. पण रात्री दारावर काठी आपटून ‘ऊठ’ म्हणणारा कोणी येत नसे, आणि तेवढ्यानेच आजोबांना गाढ झोप लागे.

आता कोणी म्हणेल, मग दवंडीच नको. हे मला मान्य नाही. सम्राट अशोकाने आपल्या चौथ्या शिलालेखात कोरून ठेवले आहे की धम्माचरणामुळे युद्धाच्या भेरीचा घोष हा धम्माचा घोष झाला. भेरी त्याने फोडली नाही. तिच्यातून काय निघावे, ते बदलले. ठरलेल्या पगारावर, अर्ज करून मिळणारे पुकाऱ्याचे काम कोणीही खुशाल करावे. ती नोकरी आहे. जात पाहून ते कोणावर लादले, तर ती बिगार. संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदाने बिगारीस मनाई केली आहे आणि 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अशी सक्ती गुन्हा ठरविली आहे.

पण आजचा प्रश्न उलट बाजूने आला आहे. ग्रामसभेची सूचना फलकावर लावावी, दवंडी द्यावी, अशी रीत आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या सुमारास सभा भरतात. घरकुलाच्या याद्या तेथेच वाचल्या जातात. सर्वसाधारण सभेच्या अगोदर स्त्रियांची वेगळी सभा घ्यावयाची असते, हे किती उपासिकांना कोणी कळविले? लातूर जिल्ह्यातील माझ्या गावी भोंगा लावलेली रिक्षा वेशीजवळूनच वळे. मोबाईलवरच्या गावगटात आमच्या वस्तीतील दोनच माणसे होती. यादी मंजूर झाल्यावर आम्हास कळे. एकेकाळी साऱ्या गावाला ओरडून सांगणाऱ्यांच्या नातवंडांना आता सांगावयास कोणी येत नव्हते.

आम्ही भांडलो नाही. साध्या कागदावर अर्ज लिहिला : सभेची तारीख, वेळ व विषय आमच्या वस्तीतही पुकारून कळवावेत. त्यावर तेरा सह्या आणि चार अंगठे घेतले, कचेरीत दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच घेण्यास विसरू नका. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते.

पुढच्या खेपेस रिक्षा विहारापर्यंत आली. पुकारणारा मुलगा कोणत्या समाजाचा, हे आम्ही विचारले नाही. त्याने तारीख सांगितली, वेळ सांगितली आणि रिक्षा वळविली. विषय सांगावयाचे राहिले होते. आमच्यातील एका वृद्ध उपासिकेने हात आडवा करून त्याला थांबविले आणि ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतले.